पानं पिवळी का पडतात

मंगळवार, २ मार्च

आज आणखी दोन पानं गेली. आधी पिवळी पडतात, मग देठ सैल होतो, मग नुसतं बोट लावलं तरी हातात येतात. दोन्ही खिशात घातली आणि फिरायला गेलो तेव्हा कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत टाकली. घरच्या डब्यात टाकायची सोय नाही. हिनं बघितलं तर म्हणेल, आता कशाला जीव टाकताय. किंवा काहीच म्हणणार नाही, आणि ते त्याहून वाईट.

झाड माझं नाही, हे आधीच लिहून ठेवतो. मुलीचं आहे. डिसेंबरात ती नवऱ्याचं घर सोडून आमच्याकडे आली तेव्हा एका हातात बॅग होती नि दुसऱ्या हातात ही कुंडी. डेझर्ट रोज म्हणे. कसला आलाय गुलाब! काटा नाही, वास नाही. खाली सुरणासारखा फुगलेला बुंधा, त्यातून निघालेल्या चार फांद्या, आणि टोकाला पानांचे झुपके. पण बियांपासून तिनं स्वतः वाढवलेलं आहे, हे खरं.

आठवडाभर राहिली. मग मी जावयाला फोन करून बोलावून घेतलं. असली भांडणं समोरासमोर बसवली की मिटतात, नोकरीत मी अशी किती मिटवली. बेल वाजली, तिनंच दार उघडलं. जावयाकडे बघितलं, मग वळून माझ्याकडे बघितलं. त्याच संध्याकाळी बॅग उचलून गेली, आणि त्याच्याबरोबर नाही, एकटी, दुसऱ्या गावी, मैत्रिणीकडे. सगळ्या बिल्डिंगीसमोर माझी शोभा झाली. मी हिला सांगून टाकलं, आजपासून या घरात तो विषय नको, तिचं नाव नको, तिची वस्तू दिसायला नको, ती कुंडीसुद्धा उचलून खाली फेकतो बघ. माणूस रागात बोलतो. फेकली का? नाही ना फेकली?

तेव्हापासून आम्ही त्या विषयाच्या कडेकडेनं चालतो. कुंडी मागच्या बाल्कनीत आहे, ही तर तिकडे फिरकतही नाही.

आता हे सगळं लिहायचं कारण. परवा ही बाथरूममध्ये नळ सोडून फोनवर बोलत होती. पाण्याची ही नासाडी! मी पाणीपुरवठा खात्यात गळती शोधायचं काम केलं, सगळी नोकरी तेच केलं. लोखंडी कांडीचं एक टोक रस्त्याला लावायचं, दुसरं कानाला, आणि जमिनीखाली पाणी कुठं पळतंय ते सांगायचं. त्या माणसासमोर नळ सोडून काय लपणार? स्वच्छ ऐकू आलं. "ऊन येणारी खोली मिळाली की ये मग. ये झाड न्यायला. हो गं, आहे ना, छान आहे झाड."

छान आहे! बाल्कनीत पाऊल टाकत नाही आणि ठणकावून सांगते छान आहे. म्हणजे जबाबदारी आली माझ्यावर. कार्टी झाडासाठी येणार आहे. माझ्यासाठी नाही, बहुतेक हिच्यासाठीही नाही. तर मग झाड जगलं पाहिजे. एवढंच.


शुक्रवार, ५ मार्च

नर्सरीत जाऊन आलो. खिशात एक पिवळं पान घेऊन गेलो होतो. "एका मित्राचं झाड आहे," म्हटलं. नर्सरीवाला टकला, बोलघेवडा. रोपांशी भाडेकरूंशी बोलावं तसं बोलतो, "सरक जरा, तुझी सावली पडतेय त्याच्यावर." पान बघून म्हणाला, "अडेनियम, म्हणजे डेझर्ट रोजच. मित्राला सांगा काका, ताकाला जाऊन भांडं लपवू नये."

मला राग आला, पण गिळला.

तो म्हणाला, "खालची पानं पिवळी पडून गळतात का? मग पाणी जास्त होतंय. हे वाळवंटातलं झाड. बुंध्यात पाणी साठवून बसतं. त्याला तहान लागत नाही, आपल्यालाच वाटतं लागली असेल."

म्हटलं, "पाण्याचं मला शिकवू नका. दर रविवारी एक पेला, मोजून. वरची माती वाळली का ते बोट घालून बघतो."

"मग उपाशी असेल," तो म्हणाला, आणि खताची पुडी दिली. चिमूटभर घाला म्हणाला.

ही दुपारची आडवी झाली तेव्हा घातलं. चिमूटभरापेक्षा थोडं जास्त पडलं असेल. महिनोन्‌महिने उपाशी असलेल्याला चिमटीनं काय होणार?


रविवार, १४ मार्च

पानांच्या कडा जळल्या. तपकिरी, कुरकुरीत, कुणी काडी लावल्यासारख्या. नर्सरीवाल्याला फोन केला तर म्हणतो, "चिमूट कुणाची होती काका, तुमची की हत्तीची?" हसला मेला. इथं पानं जळतायत आणि हा हसतोय.

त्यात आज पुन्हा नळ सुटला. खोली मिळाली तिला. पूर्वेकडची खिडकी आहे. पुढच्या महिन्याच्या पंचविसाव्या तारखेला, रविवारी येणार. ही म्हणत होती, "हो, अगदी छान आहे गं. पानं? भरपूर आहेत पानं."

जेवताना मी हिच्याकडे बघत होतो. इतकी शांतपणे खोटं बोलणारी बाई माझ्या घरात इतकी वर्षं राहते आणि मला पत्ता नाही. तिनं विचारलं, "काय बघताय?" म्हटलं, "मीठ कमी आहे." उठून मीठ आणलं. मीठ बरोबर होतं.


बुधवार, १७ मार्च

पानांच्या पाठीमागे बारीक ठिपके आणि देठापाशी जाळं. भिंग लावून बघितलं. लाल कोळी, सुईच्या टोकाएवढे, पळतात. रस शोषून घेतात म्हणे पानांचा. एक संकट संपलं नाही तोवर दुसरं दारात उभं.

उपाय सोपा आहे, साबणाच्या पाण्यानं पानं मागून पुसायची. ही बाजारात गेल्यावर वाटीत पाणी करून फडकं घेऊन बसलो. गंमत म्हणजे अर्धी पानं आधीच स्वच्छ होती आणि त्यांना साबणाचा वास येत होता. वरच्या मजल्यावर कुणी कपडे वाळत घालतं, त्याचं ठिबकलं असेल.

पण मुख्य गोष्ट वेगळी. बोट घातलं तर माती ओली! रविवारी पाणी दिलं, या उन्हात मंगळवारपर्यंत वाळायला हवं. ओली गच्च. खालच्या ताटलीतही पाणी. हिची स्लिपर बाल्कनीच्या दाराशी पडली होती, तीही ओली. म्हणजे फरशीवर पाणी वाहत आतपर्यंत येतंय.

गळती आहे. कुठंतरी गळती आहे. आता मात्र माझ्या हातात विषय आला. पानांचं मला कळत नसेल, पण पाणी कुठून येतं ते मला विचारा.


गुरुवार, १८ मार्च

माळ्यावरून कांडी काढली. ही विचारायला लागली, "हे काय आता?" म्हटलं, "भिंतीत पाणी मुरतंय, बघतो." ही तशीच वळून स्वयंपाकघरात निघून गेली. पूर्वी मी कांडी काढली की चेष्टा करायची, "आले डॉक्टर, रस्त्याला ताप आलाय का बघायला." आता चेष्टाही संपली घरातली.

सगळी भिंत ऐकली. छत ऐकलं, स्टुलावर चढून. काही नाही. पाइप कोरडे ठणठणीत. तरी वरच्या मास्तरीणबाईंचा संशय जाईना, म्हणून जिना चढून गेलो आणि जरा आवाज चढवूनच बोललो. तुमचं पाणी आमच्या बाल्कनीत येतं, झाडं लावायची हौस असेल तर खाली ताटल्या ठेवा, वगैरे. बाईंनी चष्मा वर केला, मला हाताला धरून आत नेलं आणि बाल्कनी दाखवली. एक सायकल आणि कपड्यांची दोरी. झाडाचं पानसुद्धा नाही.

"घरात विचारलंत का?" म्हणाल्या.

"आमच्याकडे त्या बाल्कनीत कुणी जात नाही."

"मग तुम्ही कशाला जाता?"

तोंडात मारल्यासारखा खाली आलो. सगळ्या शहराच्या गळत्या काढल्या आणि स्वतःच्या घरातली एका कुंडीएवढी गळती सापडेना. जुने जोडीदार ऐकतील तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही.


शनिवार, २७ मार्च

मी पाणी देणं बंद केलंय. थेंबसुद्धा नाही. तरी माती ओली.

दुधाचं माप काल बाल्कनीत कठड्यावर सापडलं. हिला विसरायला होतंय हल्ली. परत जागेवर ठेवून दिलं, बोललो नाही. उगाच तिला वाटायचं मी चुका काढतो.

आज बुंधा दाबून बघितला. एका बाजूला घट्ट, दुसऱ्या बाजूला अंगठा आत गेला. अति पिकलेल्या फळात जातो तसा. हात काढला तर बोटांना वास. तो वास मला माहीत आहे. वर्षानुवर्षं फुटलेल्या पाइपाभोवतीच्या मातीला येतो.

स्टुलावर बसून राहिलो. झाडाला चार फांद्या, त्यातल्या दोन उघड्या, बाकीच्या दोघींवर मिळून मूठभर पानं. ती येईल, बघेल, म्हणेल, एवढंही जमलं नाही तुम्हाला. आणि ती म्हणणार नाही. ती बोलणारीच नाही. बघेल फक्त. तसं बघितलेलं मला पुन्हा सोसणार नाही, हे खरं ते इथं लिहितो. इथं कोण वाचतंय?


शुक्रवार, २ एप्रिल

नर्सरीवाल्याला शेवटी सांगितलं, मित्राचं नाही, मुलीचं आहे. तो हसला नाही. म्हणाला, "काका, मग आता शस्त्रक्रिया. उपटा, मुळं धुवा, सडलेलं सगळं कापा, आत पांढराशुभ्र गर लागेपर्यंत कापत राहा. दया करू नका. मग बुरशीनाशक पावडर लावा आणि सावलीत नुसतं कोरडं पडू द्या. दोन आठवडे तरी पाण्याचा थेंब दाखवू नका. ते मरत नाही. मेल्यासारखं दिसतं, पण मरत नाही."

ही तिच्या बहिणीकडे गेली होती. चांगली संधी. उपटलं. मुळं हातात आली ती भिजलेल्या दोरीसारखी. सुरी गरम करून पुसून घेतली आणि कापलं. पांढरा चीक वाहायला लागला, विषारी असतो, हातमोजे घातले होते. तपकिरी, अजून तपकिरी, मग पिवळट. मनात म्हणत होतो, लाग बाबा, पांढरं लाग. आणि लागलं! निम्म्याहून जास्त बुंधा गेला, पण उरलेला पांढरा, घट्ट. उरलीसुरली पानंही काढून टाकली, तो म्हणाला होता तसं. पावडर चोपडली. बाल्कनीच्या कोपऱ्यात वर्तमानपत्रावर आडवं ठेवलं. रिकामी कुंडी पालथी घातली, माती पोत्यात भरली.

दिसायला भयंकर दिसतंय. मुळं नाहीत, पानं नाहीत, नुसतं तोडलेलं खोड. पण मला आज किती दिवसांनी भूक लागली. पंचवीस तारखेला निदान सांगता येईल की आजारी होतं, आता सुधारतंय.


शनिवार, ३ एप्रिल

सकाळी फोन आला. माझ्या कामावरचा जोडीदार गेला. आम्ही त्याला गेंडा म्हणायचो. त्याच्या गावी जायला हवं, दोन-तीन दिवस तरी मोडतील. हिला म्हटलं, "येतो." बाल्कनीबद्दल काही सांगावंसं वाटलं. पण काय सांगणार? 'तो विषय नको' असं म्हणणारा मीच. आणि तसंही ही तिकडे जात नाही.


मंगळवार, ६ एप्रिल

गेंड्याची मुलगी दाराशीच भेटली. वडिलांचा हात शेवटपर्यंत हातात होता म्हणाली. मग मला विचारलं, "ताई कशी आहे?" म्हटलं, "मजेत." इतक्या झटकन म्हटलं की मलाच माझी शरम वाटली.

घरी आलो, चपला काढल्या आणि आधी बाल्कनीत गेलो. झाड नाही. वर्तमानपत्र नाही. कोपरा झाडून, पुसून लख्ख. कुंडीही नाही, मातीचं पोतंही नाही.

फेकलं हिनं.

मी डिसेंबरात बोललो होतो तेच हिनं केलं. माझ्या शब्दाला जागली. इतकी वर्षं माझा एक शब्द ऐकला नाही बाईनं, आणि ऐकायचा तो नेमका हाच? खाली जाऊन कचराकुंडीत बघितलं. गाडी येऊन गेली होती. काठीनं उरलेलं उकरत होतो तर येणारे-जाणारे बघायला लागले. बघू देत.

विचारावं कसं? जेवायला बसलो. हिचे डोळे सुजलेले होते. म्हणजे फेकून वर रडतेय. पाणी वाढलं तिनं, मी प्यालो.


रविवार, ११ एप्रिल

जेवलो. बोललो नाही. ही पण बोलली नाही.

झोप लागत नाही. हिच्याबद्दल असं काही मनात येतं की स्वतःचीच भीती वाटते. आई आहे ती! मी बाप, माझं सोडा, मी वाईटच. पण आईनं लेकीचं झाड फेकावं? आता ती कशाला येईल? यायचं एक कारण होतं, तेही कचऱ्याच्या गाडीत गेलं.


गुरुवार, १५ एप्रिल

आज सगळं झालं. जमेल तसं लिहितो.

सकाळी ही ओट्याशी उभी होती. मागून म्हटलं, "झाड कुठं फेकलंस?"

ही वळली. हातातलं भांडं तसंच. मला वाटलं आता हे भांडं माझ्या डोक्यात बसणार. "मी? मी फेकलं? उपटलंत तुम्ही! मुळं तोडून, पानं ओरबाडून टाकून दिलंत कोपऱ्यात! जिवंत झाड! लेकीवरचा राग झाडावर काढलात आणि वर मला विचारता?"

"मी उपटलं ते जगवायला! सडलं होतं ते!"

"काय जगवायला? त्या झाडाकडे तुम्ही ढुंकून तरी बघितलंत का कधी?"

"रोज बघत होतो! पाणी कोण घालत होतं इतके दिवस?"

"मी!" ही ओरडली. "मी घालत होते! रोज सकाळी, तुम्ही फिरायला गेलात की. दुधाच्या मापानं. साबणानं पानं पुसली मी. पडलेली पानं पदराआड नेऊन टाकली, तुम्हाला दिसली तर कुंडी फेकाल म्हणून!"

मी म्हटलं, "मी दर रविवारी घालत होतो."

मग ही खालीच बसली, फरशीवर, भांडं मांडीत घेऊन. "तुम्ही घालत होतात," म्हणाली. "तुम्ही. मेल्या, मग सांगायचं नाही का?" लग्नाला इतकी वर्षं झाली, हिनं मला कधी 'मेल्या' म्हटलेलं नाही. मलाही काही वाटलं नाही.

"तू तरी कुठं सांगितलंस?"

"कशी सांगणार? नाव काढायचं नाही ना तिचं!"

"आता कुठंय ते?" मी विचारलं.

धुण्याच्या जागेत, वॉशिंग मशीनच्या मागे, जुन्या चादरीखाली. कुंडी नि पोतंही तिथंच. मी गावाला गेलो त्याच दुपारी हिनं ते उचललं होतं. बादलीत काळी माती घालून लावलं होतं. मी परत आलो की पुन्हा उपटेन, म्हणून लपवून ठेवलं होतं. "मुळं तोडलेली, अंगावर काहीतरी पांढरं विष चोपडलेलं. धुऊन काढलं सगळं. म्हटलं, तहानलं असेल बिचारं. दोन्ही वेळ पाणी घालतेय."

दोन्ही वेळ.

चादर काढली. खोड एका बाजूला कललं होतं. अंगठा लावला तर पार आरपार गेला. ही माझ्या तोंडाकडे बघत होती, तिला कळलं. "कापा ना," म्हणाली. "पुन्हा कापा. तुम्ही म्हणालात ना, कापलं की पांढरं लागतं."

सुरी आणली. हिनं खोड धरलं, मी कापलं. तपकिरी. पुन्हा कापलं, तपकिरी. ही म्हणत होती, "अजून जरा वर. इथं नाही, वर." वर गेलो. फांद्यांपर्यंत गेलो. शेवटी हातात धरायला काही उरलं नाही, आणि फरशीवर नुसत्या ओल्या तपकिरी चकत्या. हिनं त्या एकेक उचलून बघितल्या, एखादी तरी पांढरी असेल म्हणून.

"भिंगरीला काय सांगू?" म्हणाली. भिंगरी म्हणजे मुलगी, लहानपणी गरगर फिरायची म्हणून. घरात ते नाव किती महिन्यांनी ऐकलं. मी हिला थांबवलं नाही. मला रडू आलं आणि मी ते थांबवलं नाही.


रविवार, १८ एप्रिल

तीन दिवस आम्ही नुसते एकमेकांना सांगत होतो, तू सांग, तुम्ही सांगा. आज ही म्हणाली, "मी नाही सांगणार. छान आहे, छान आहे म्हणून जीभ झिजली माझी. तुम्ही बोला."

फोन लावला. ही समोर बसली. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"बाबा? आईला काय झालं?"

मी कधी फोन करत नाही ना. दुसरं काय वाटणार तिला?

"आईला काही नाही. आई इथं बसलीय समोर."

"मग?"

"तुझं झाड गेलं."

मग मीच बोलत सुटलो. खालची पानं पिवळी पडली इथपासून. खत जास्त झालं ते, कडा जळल्या त्या, लाल कोळी, भिंतीला लावलेली कांडी, मास्तरीणबाई, बुंधा, सुरी, सगळं. थांबताच येईना. थांबलो की ती फोन ठेवेल असं वाटत होतं. शेवटी म्हटलं, "पाणी जास्त झालं. आई पण घालत होती आणि मी पण. एकमेकांना न सांगता."

"तुम्ही घालत होतात?" तिनं विचारलं. आईसारखंच, अगदी त्याच सुरात.

"हो."

ही मला हातानं खुणा करत होती, बोला, बोला.

म्हटलं, "झाड नाही आता. तरी ये. पंचवीसला यायचं ठरलंय ना, तर ये."

तिनं विचारलं, "मी आले तर घरात आणखी कोण असेल?"

आधी मला प्रश्नच कळला नाही. मी म्हणणार होतो, कोण असणार, आम्ही दोघंच तर असतो. मग कळला. ही समोर बसली होती, तिला पलीकडचं ऐकू येत नव्हतं, पण माझा चेहरा बघून तिनं खुणा करायचं थांबवलं.

"कुणी नाही," म्हटलं. "मी कुणालाही बोलावणार नाही. पुन्हा कधीच नाही."

"बघते," म्हणाली, आणि फोन ठेवला.

हिनं विचारलं, "काय म्हणाली?"

"बघते म्हणाली."

"म्हणजे नाही."

"माहीत आहे मला."


रविवार, २५ एप्रिल

सकाळी दाढी केली. बाहेर आलो तर हिनं ठेवणीतले कपडे घातलेले. दोघांनीही एकमेकांना काही विचारलं नाही. हिनं तिघांपुरता स्वयंपाक केला. बाल्कनीचं दार उघडं ठेवलं होतं, ते मी लावलं. थोड्या वेळानं बघितलं तर हिनं परत उघडलं होतं.

दुपारी बेल वाजली. दोघंही एकदम उठलो, दारात एकमेकांवर आदळलो. वरच्या मास्तरीणबाई. त्यांच्या घराचं कुलूप अडकलं होतं, तेल मागायला आल्या होत्या. तेल दिलं. त्या आमच्या कपड्यांकडे बघत म्हणाल्या, "कुठं बाहेर निघालात का?" ही म्हणाली, "नाही हो, घरीच."

ऊन उतरलं. मी रेडिओ लावला नाही, बेल ऐकू यायला हवी म्हणून. जेवण तिन्हीसांजेला गरम केलं आणि दोघांनी थोडं थोडं खाल्लं. उरलेलं हिनं झाकून ठेवलं. मग कपडे बदलून आली आणि माझ्याजवळ बसली.

"उद्या मी करते फोन," म्हणाली.

"नको. मीच करतो."

"तिनं उचलला नाही तर?"

"तर परवा करतो."